बॅ. जोसेफ बाप्टिस्टा : मजुरांचा वकील आणि भागीदारीचा सिद्धान्त

(१)

बॅ. जोसेफ बाप्टिस्टा यांचें नांव महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत बहुधा लोकमान्य टिळकांच्या चरित्राच्या अनुषंगानें येतें. होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, टिळकांचे स्नेही, लोकांचे ‘काका’ आणि मुंबई कॉर्पोरेशनचे एक अध्यक्ष, एवढ्या विशेषणांवर त्यांची बोळवण होते. स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काचें सुप्रसिद्ध वाक्य त्यांनींच टिळकांना सुचविलें, अशी एक आख्यायिकाहि प्रचलित आहे. त्या वाक्याचें कर्तृत्व कोणाचें, हा वाद रंगविण्यांत लेखकांनीं जितकी शाई खर्च केली, तितकी बाप्टिस्टांच्या मजूरविषयक कार्याच्या वांट्यास आली नाहीं.

प्रस्तुत लेखाचा हेतु त्यांचें समग्र चरित्र सांगण्याचा नाहीं. ते वकील होते आणि मजुरांचे पुढारी होते, या दोन गोष्टी सामान्यतः एकीपुढें एक नुसत्या मांडल्या जातात. त्यांचा परस्परसंबंध काय, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे. ज्या काळांत मजुरांच्या बाजूचा म्हणण्यासारखा कायदाच नव्हता, त्या काळांत मजुरांच्या वकिलानें करावयाचें तरी काय? बाप्टिस्टांनीं या प्रश्नाचें जें उत्तर दिलें तें तत्कालीन कायद्याच्या विरुद्ध होतें, आणि कायदा शिकविण्यांत आयुष्याचीं कांहीं वर्षें घालविलेला हा मनुष्य तें पुरतें जाणून होता, असें आमचें मत आहे.

(२)

बाप्टिस्टांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं मुंबईंत माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. घराणें मूळचें उत्तनचें. वसई-साष्टी व मुंबई बेटांतील जो जुना ख्रिस्ती समाज १८८७ पासून स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवूं लागला, त्यांतले हे. या समाजाची बोली मराठीची एक शाखा आहे आणि त्याचीं कुळें कोळी, आगरी, भंडारी इत्यादि जातींच्या शेजारानें शतकानुशतकें नांदलेलीं आहेत. गिरण्यांच्या मुंबईपूर्वीं जी मुंबई होती तिचे ते पुत्र होत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्यांचा विद्याक्रमहि सरळ वकिलीचा नव्हे. प्रथम पुण्याच्या सायन्स कॉलेजांत त्यांनीं स्थापत्याचें शिक्षण घेतलें व कांहीं काळ जंगल खात्यांत नोकरी केली. पुढें ती सोडून ते विलायतेस गेले, केंब्रिज येथें कायद्याचा अभ्यास केला, आणि १८९९ च्या सुमारास बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या सरकारी विधिविद्यालयांत त्यांनीं कित्येक वर्षें अध्यापन केलें. म्हणजे नोकरी म्हणजे काय, तीं सोडतां-धरतांना मनुष्यास काय वाटतें, हें त्यांना अनुभवानें ठाऊक होतें, आणि करार म्हणजे काय, हें पुस्तकानें.

राजद्रोहाच्या व कटाच्या खटल्यांतून त्यांचें नांव प्रथम लोकांपुढें आलें. १९०८ सालच्या खटल्यांत टिळकांच्या वकिलांत ते होते. १९१० सालीं विनायकराव सावरकरांच्या बचावासहि ते उभे राहिले. यांपैकीं पहिल्या खटल्याचा आपल्या विषयाशीं निकटचा संबंध आहे. २२ जुलै १९०८ रोजीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणीमजुरांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. पगार वाढावा किंवा तास कमी व्हावे म्हणून हा संप नव्हता. न्यायालयांत हरलेल्या खटल्याचें उत्तर मजुरांनीं गिरणीच्या दारांत दिलें होतें. न्यायालयाबाहेर एक मोठी शक्ति उभी आहे, आणि तिची वकिली करणारा कोणी नाहीं, हें त्या आठवड्यांत कोणाहि डोळस माणसास दिसण्यासारखें होतें.

(३)

त्या वेळीं मजुराच्या संबंधांत कायदा काय होता, हें प्रथम पाहिलें पाहिजे; नाहींतर पुढील विवेचनाचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं.

मालक व मजूर यांचा संबंध १८७२ च्या कराराच्या कायद्यानें ठरे. दोन पक्ष समान व स्वतंत्र आहेत, एकानें श्रम विकावे व दुसऱ्यानें विकत घ्यावे, हें त्यांतील गृहीत. परंतु मजुरानें करार मोडला तर कायद्यास ही समानता आठवत नसे. १८५९ च्या तेराव्या कायद्यान्वयें उचल घेऊन काम टाकणाऱ्या कारागिरास व मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें खेंचतां येई. उचल परत कर अथवा काम पुरें कर, असा हुकूम होई. आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद भोगावी लागे. मालकानें पगार बुडविला तर मात्र तो दिवाणी वाद! हा कायदा १९२५ सालीं रद्द झाला. म्हणजे बाप्टिस्टांच्या वकिलीचा बहुतेक सारा काळ त्याच्या छायेंत गेला.

गिरणींत याहून वेगळी स्थिति नव्हती. एक दिवस गैरहजर राहणाऱ्याचा दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘दुहेरी खाड्याची’ चाल कित्येक गिरण्यांत होती. बिघडलेलें कापड विणकराच्या माथीं मारून त्याची किंमत पगारांतून वळती करून घेत. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या मध्यास हातीं पडे, त्यामुळें नोकरी सोडणाऱ्याचे पैसे मालकाकडे अडकलेले असत. या गोष्टींना आळा घालणारा पगारवांटपाचा कायदा १९३६ सालीं आला. यंत्रांत सांपडून मजुराचा हात गेला, तर सहकामगाराच्या चुकीबद्दल मालक जबाबदार नाहीं, हें इंग्रजी तत्त्व आड येई. नुकसानभरपाईचा स्वतंत्र कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला.

संघ करावा, तर तोहि निर्धास्तपणें करतां येत नसे. मद्रास येथें १९१८ सालीं स्थापन झालेल्या मजूर संघाचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनीं फिर्याद केली; मजुरांस करार मोडण्यास चिथावलें, हा आरोप; आणि तेथील हायकोर्टानें त्यांना मनाई केली. मजुरांस ‘संपावर जा’ असें सांगणें हा दिवाणी अपराध ठरूं लागला, तर पुढाऱ्यास बोलावयाचें तरी काय उरलें? याच धक्क्यानें ना. म. जोशी यांनीं १९२१ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत संघांच्या संरक्षणाचा ठराव आणला, व त्याचें फळ म्हणून १९२६ चा ट्रेड युनियन्स कायदा झाला.

मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मजुरांच्या सभा भरवून त्यांचें गाऱ्हाणें सरकारपुढें मांडलें, आणि १८९० सालीं रविवारची सुटी मिळविली, हें कार्य थोर होय. परंतु लोखंडे यांचें साधन अर्ज हें होतें, आणि अर्ज म्हणजे कृपेची याचना. अर्जापासून हक्कापर्यंत जी वाट जाते तिच्यावर मधलें एक ठाणें लागतें : अमुक वस्तु आम्हांस अमुक कारणास्तव देय आहे, असा वाद सशास्त्र मांडणें. तें काम वकिलाचें.

(४)

२८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांव येथें टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. बाप्टिस्टा तिचे अध्यक्ष व न. चिं. केळकर चिटणीस झाले. १९१७ सालीं लीगच्या वतीनें बाप्टिस्टा विलायतेस गेले. तेथें ब्रिटिश मजूर पक्षाशीं त्यांचा जो संबंध आला तो स्वराज्याच्या कामासाठीं आला. परंतु ज्या देशांत मजुरांचे संघ पार्लमेंटांत माणसें पाठवितात आणि १९०६ पासून संपाबद्दल संघावर फिर्याद चालत नाहीं, तो देश पाहून आलेल्या बॅरिस्टरास मुंबईची गिरणी निराळी दिसली असल्यास नवल नाहीं.

१९१९ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. १९२० च्या जानेवारींत दुसरा झाला. या दुसऱ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. कायद्यानें प्रौढांसाठीं रोज अकरा तासांची व आठवड्यास साठ तासांची मर्यादा १९२२ सालीं घातली! म्हणजे मजुरांनीं जें संपानें मिळविलें होतें तेथपर्यंत कायदा दोन वर्षांनींहि पोंचला नव्हता. मजुरांच्या हक्कांचा इतिहास केवळ कायद्याच्या पुस्तकांवरून लिहूं पाहणाऱ्यानें हें उदाहरण विसरूं नये.

इकडे व्हर्सायच्या १९१९ च्या तहानें आंतरराष्ट्रीय मजूर परिषद निर्माण झाली होती. तींत प्रत्येक देशानें मजुरांचा प्रतिनिधि पाठवावा व तो देशांतील प्रमुख मजूरसंस्थांच्या संमतीनें निवडावा, असें तहाच्या ३८९ व्या कलमांत होतें. हिंदुस्थानांत अशी अखिल देशाची संस्था नव्हती. १९१९ सालीं सरकारनें ना. म. जोशी यांस आपल्या अधिकारांत नेमून पाठविलें. जोशी योग्य पुरुष होते. पण नेमणारा कोण, हा प्रश्न उरलाच. ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें, त्याच्या निकटच्या कारणांत हें कलम होतें. तहाच्या एका कलमाचा आधार घेऊन देशव्यापी संस्था उभी करणें, ही वकिली बुद्धीची चाल होय. लाला लजपतराय अध्यक्ष होते, बाप्टिस्टा स्वागताध्यक्ष.

स्वागताध्यक्षाच्या भाषणांत बाप्टिस्टांनीं जो विचार मांडला तोच आमच्या मतें त्यांच्या कार्याचा गाभा आहे. मालक व मजूर यांचें नातें श्रम विकणारा व श्रम विकत घेणारा असें नाहीं. ते एकाच धंद्यांतील भागीदार व सहकारी आहेत, असा त्या विचाराचा सारांश. पुढील वर्षीं झरिया येथें भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. कोळशाच्या खाणींच्या तोंडाशीं, खाणमालकांच्या विरोधांत, हजारों मजुरांसमक्ष हें अधिवेशन भरलें. १९२३ च्या खाणींच्या कायद्यानें पुढें जमिनीखालच्या कामास आठवड्यास चोपन्न तासांची मर्यादा घातली.

(५)

‘भागीदार’ हा शब्द सभेंतला अलंकार होता कीं कायद्यांतला शब्द? येथें एक गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत त्या काळीं भागीदारीचें एक स्वतंत्र प्रकरण होतें. १९३२ सालीं तें वेगळें काढून त्याचा निराळा कायदा करण्यांत आला. त्या प्रकरणाच्या २४२ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें होतें कीं, नोकरास त्याच्या कामाचा मोबदला नफ्यांतील अंशानें दिला, तरी तेवढ्यानें तो भागीदार होत नाहीं. हें कलम विधिविद्यालयाच्या माजी अध्यापकास ठाऊक नसणें संभवत नाहीं. तेव्हां बाप्टिस्टांनीं हा शब्द अज्ञानानें वापरला नाहीं. कायद्यानें जें दार बंद केलें होतें, नेमकें तेंच त्यांनीं ठोठावलें.

आमच्या जुन्या व्यवहारशास्त्राच्या भाषेंत ही गोष्ट अधिक नेमकी सांगतां येते. स्मृतिकारांनीं वादांचीं अठरा पदें कल्पिलीं आहेत. मनूच्या गणनेंत ‘संभूयसमुत्थान’, म्हणजे अनेकांनीं मिळून केलेला उद्योग, हें चौथें. आणि ‘वेतनादान’, म्हणजे ठरलेला पगार न देणें, हें सहावें. पद बदललें म्हणजे पुराव्याचा भार बदलतो, मागण्याची वस्तु बदलते, न्यायाधीशानें विचारावयाचा प्रश्न बदलतो. वेतनाच्या पदांत ‘काय ठरलें होतें?’ एवढेंच विचारावयाचें. संभूयसमुत्थानांत ‘कोणाचा वांटा किती?’ हें विचारावें लागतें. गिरणीमजुराचा वाद पहिल्या प्रकारांतून उचलून दुसऱ्यांत घालावा, हाच बाप्टिस्टांच्या सिद्धान्ताचा कायदेशीर अर्थ होय.

या दोन पदांमधील भिंत प्राचीनांस दुर्लंघ्य वाटत नव्हती, असें दिसतें. कौटिल्यानें दोन्ही विषय धर्मस्थीय अधिकरणाच्या एकाच अध्यायांत लागोपाठ घेतले आहेत. वेतन ठरलें नसेल तर शेतमजुरास धान्याचा, गुराख्यास तुपाचा व व्यापाऱ्याच्या नोकरास विक्रीच्या मालाचा दहावा भाग द्यावा, असें तो सांगतो. याज्ञवल्क्याचाहि नियम याच धर्तीचा आहे. म्हणजे करार मुका असेल तेथें शास्त्र मजुरास किंमत देत नाहीं, उत्पन्नाचा अंश देतें. बृहस्पतीनें तर एकत्र काम करणाऱ्या कारागिरांचे वांटे त्यांच्या कौशल्यानुसार एकापासून चारापर्यंत लावून दिले आहेत.

मात्र यावरून प्राचीन काळीं मजुरांचें राज्य होतें, असें अनुमान काढणें हा शुद्ध भाबडेपणा होईल. बृहस्पतीचे वांटे कारागिरांचे आपसांतले आहेत, धन्याबरोबरचे नव्हेत. आणि निरोगी असून गर्वानें काम न करणाऱ्या नोकरास मनूनें दंड सांगून त्याचें वेतनहि बुडविलें आहे. १८५९ च्या कायद्यास त्यांत आपला पूर्वज सांपडला असता! शिवाय बाप्टिस्टांनीं हे ग्रंथ आधारास घेतले असेंहि आमचें म्हणणें नाहीं. त्यांची विद्या इंग्रजी व्यवहारशास्त्राची होती. तुलनेचा उपयोग एवढाच कीं, मजुरास उत्पन्नांतील अंशाचा धनी मानणें ही विलायतेहून आलेली लहर नव्हे. तो न्यायबुद्धीस या देशांतहि फार पूर्वीं सुचलेला एक विचार आहे.

(६)

या सिद्धान्ताची कसोटी लवकरच लागली. महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या काळांत मुंबईच्या गिरण्यांनीं मजुरांस वार्षिक बोनस कांहीं वर्षें ओळीनें दिला होता. १९२३ चा बोनस मालकांनीं नाकारला, आणि १९२४ च्या जानेवारींत संप झाला; दीड लाखांहून अधिक मजूर बाहेर पडले. सरकारनें हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. बोनसावर मजुरांचा रूढीनें, कायद्यानें अथवा न्यायदृष्टीनें बजावतां येण्यासारखा कोणताहि हक्क शाबीत होत नाहीं, असा समितीनें निर्णय दिला. मजूर रिकाम्या हातानें कामावर गेले. त्याच वर्षीं बाप्टिस्टा हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून जिनीव्हाच्या परिषदेस गेले.

समितीचा निर्णय तत्कालीन कायद्यास धरूनच होता. बोनस ही देणगी मानली कीं ती बंद करणें मालकाच्या मर्जीचें काम ठरतें. तो नफ्यांतील वांटा मानला तरच तिचा जाब विचारतां येतो. मजुरांचा पराभव तर्कांत झाला नाहीं. कोणत्या पदाखालीं वाद चालवावयाचा, हें ठरतांच तो झाला होता.

१९२५ सालीं मालकांनीं पगारांत शेंकडा साडेअकरा कपात जाहीर केली. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत संप चालला. सरकारनें कापडावरील साडेतीन टक्क्यांची जकात तहकूब केली, तेव्हां कपात मागें घेतली गेली. या वर्षीं बाप्टिस्टा मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते. (‘महापौर’ ही संज्ञा १९३१ पासूनची असल्यानें त्यांस सरसहा महापौर म्हणणें काटेकोर नाहीं.) ट्रेड युनियन काँग्रेसचा एक माजी अध्यक्ष शहराच्या अग्रस्थानीं आणि शहरांतील दीड लाख मजूर रस्त्यावर, असा हा योग होता.

त्यांच्या विचारांतील उणीवहि सांगितली पाहिजे. भागीदाराचा पहिला हक्क हिशेबाच्या वह्या पाहण्याचा. आणि मजुरास वही दाखविणारी कोणतीहि यंत्रणा त्या काळीं नव्हती. भागीदारीचें तत्त्व मालकानें आपखुषीनें पत्करावें, ही आशा १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपांत पुढें आलेल्या तरुण पिढीस भोळी वाटली, आणि तीस सर्वस्वी चूक म्हणतां येत नाहीं. १९२९ सालीं नागपुरास ट्रेड युनियन काँग्रेस दुभंगली; १८ सप्टेंबर १९३० रोजीं बाप्टिस्टा निवर्तले.

(७)

त्यांच्या मागें मजुरांच्या कायद्याचें एक स्वतंत्र शास्त्रच या प्रांतांत वाढलें. १९३४ व १९३८ सालीं मुंबई इलाख्यांत औद्योगिक तंट्यांचे कायदे झाले. त्यांतील दुसऱ्यानें संपाच्या हक्कास जे निर्बंध घातले त्यांविरुद्ध दुसरे एक बॅरिस्टर, डॉ. आंबेडकर, ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपांत अग्रभागीं होते. १९४७ सालीं देशास औद्योगिक कलहांचा कायदा मिळाला.

परंतु बाप्टिस्टांच्या सिद्धान्ताच्या दृष्टीनें खरें महत्त्वाचें साल १९५० होय. मुंबईचे गिरणीमालक व राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या बोनसाच्या वादांत कामगार अपील न्यायाधिकरणानें असें ठरविलें कीं, नफा भांडवल व श्रम या दोहोंच्या योगानें उत्पन्न होतो. म्हणून आवश्यक वजावटी होऊन शिल्लक उरल्यास तींत वांटा मागण्याचा मजुरांस अधिकार आहे. तेंच शहर, तोच धंदा, तीच मागणी. आणि मॅक्लाउड समितीनंतर सव्वीस वर्षांनीं निर्णय उलटा! १९६५ सालीं बोनसाचा कायदा झाला, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीनें उद्योगांच्या व्यवस्थापनांत कामगारांच्या सहभागाचें ४३-क हें कलम संविधानांत आलें. तें मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या बळावर न्यायालयांत दाद मागतां येत नाहीं. संभूयसमुत्थानाच्या पदांत मजुराचें एकच पाऊल पडलें आहे; दुसरें अद्यापि उंबरठ्याबाहेर आहे.

माझगांवच्या भंडारवाड्याच्या टेंकडीवरील बागेस बाप्टिस्टांचें नांव आहे. तेथें फिरावयास जाणाऱ्यांपैकीं बहुतेकांस तें नांव टिळकांच्या मित्राचें म्हणून ठाऊक असतें. तें खोटें नाहीं. पण तेवढ्यानें त्यांचें ऋण फिटत नाहीं. वकिलाची योग्यता त्यानें जिंकलेल्या दाव्यांवरून मोजण्याचा प्रघात आहे. त्या मापानें मजुरांचे वकील म्हणून बाप्टिस्टांच्या नांवावर थोडेंच जमा होईल. परंतु जो वाद कोणत्याहि न्यायालयांत दाखल करून घेतला गेला नसता, तो त्यांनीं योग्य पदाखालीं मांडून ठेवला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं त्याच शहरांत त्याचा निकाल मजुरांच्या बाजूनें लागला. इतिहासानें ही नोंद त्यांच्या खातीं घालावी, एवढीच आमची विनंति आहे.